भंडाऱ्याचा शर्ट लाल का झाला? रसायनशास्त्राचे काही सराव प्रश्न

सोमवती अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा ओंकार बादली घेऊनच आमच्या दारात उभा राहिला. आदल्या दिवशी मित्रांबरोबर जेजुरीला जाऊन आला होता. पांढरा शर्ट भंडाऱ्याने पिवळाधमक झालेला. आईने तो साबणाच्या पाण्यात टाकला आणि त्यावर लालभडक डाग उमटले. आईचा निष्कर्ष तयार होता: पोरगं पान खायला लागलं.

"काकू, तुम्ही लॅबमध्ये होतात ना? आईला सांगा, मी पान खाल्लेलं नाही."

मी त्याच्या हातात लिंबाची फोड ठेवली. "पिळ त्या डागावर." डाग पिवळा झाला. मग तिथेच साबणाची वडी घासायला लावली. पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळा. आई जिन्यातून बघत होती. तिची खात्री पटली आणि ती पोळ्या लाटायला निघून गेली. ओंकार मात्र घुटमळला.

"बारावीत आहेस ना रे? इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारे पदार्थ, शिकलास की नाही?"

"शिकलो की. फिनॉल्फ्थॅलिन आणि मिथिल ऑरेंज."

"आणि हळद?"

"ती शाळेत होती. आता नाही विचारत."

दुखणं नेमकं इथे आहे. शाळेतली हळद एका कप्प्यात, बारावीचं फिनॉल्फ्थॅलिन दुसऱ्या कप्प्यात आणि जेजुरीचा भंडारा तिसऱ्याच गावाला. चिंचवडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं टायट्रेशन केली, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब घालून पहिल्यात आम्ल किंवा आम्लारी एकूण किती आहे ते मोजलं. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या आमच्या घरी चार-पाच मुलं अडलेले प्रश्न घेऊन येतात. शिकवणी म्हणण्याइतकं काही नाही, चहा माझा आणि खारी त्यांची. पण नियम एक आहे: प्रश्न वाचला की पेन खाली ठेवायचं. आधी तोंडाने सांगायचं की इथे काय घडतंय, कोण कमी पडणार, उत्तर साधारण केवढं येणार. मग पेन उचलायचं. सूत्र पाठ असलेला मुलगा आणि रसायनशास्त्र समजलेला मुलगा यांच्यातला फरक त्या मधल्या अर्ध्या मिनिटात दिसतो.

तर आधी हळद. हळदीतला पिवळा रंग कुर्क्युमिन नावाच्या रेणूचा. हा रेणू स्वतःच एक अगदी सौम्य आम्ल आहे. भोवताली आम्ल असेल किंवा साधं पाणी असेल, तेव्हा तो आपला हायड्रोजन सांभाळून असतो आणि पिवळा दिसतो. साबणाचं पाणी आम्लारिधर्मी. ते त्याच्याकडून हायड्रोजन आयन काढून घेतं. हायड्रोजन गेला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबू पिळलं की हायड्रोजन आयन परत मिळतात, रंग परत पिवळा. फिनॉल्फ्थॅलिन हेच करतं, फक्त त्याचे रंग वेगळे: आम्लात बिनरंगी, आम्लारीत गुलाबी. आपलं पारंपरिक कुंकूही हळदीत चुना मिसळूनच व्हायचं. हळदीचं कुंकू कसं होतं हे आजीला ठाऊक होतं, सामू (द्रावण किती आम्लधर्मी आहे याचं माप) हा शब्द ठाऊक नव्हता एवढंच.

मग मी ओंकारला विचारलं: शर्ट नुसत्या पाण्यात भरपूर खळबळला तर रंग कोणता? त्याने लगेच "सामू बरोबर ७" वगैरे सुरू केलं. मी म्हटलं, पेन खाली. साबण निघून गेला की हायड्रोजन ओढणारं कोणी उरत नाही. पिवळा. झालं उत्तर.

आता सामू, म्हणजे पीएच: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, आणि सगळा घोळ त्यातूनच होतो. सामू ३ असलेलं द्रावण सामू ४ वाल्यापेक्षा दहापट आम्लधर्मी. सामू ५ वाल्यापेक्षा शंभरपट. म्हणून हा प्रश्न: सामू ३ असलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १० मिलिलिटरमध्ये ९० मिलिलिटर पाणी घातलं, नवा सामू किती? दहापट पातळ झालं, म्हणजे एक पायरी वर: ४. सूत्र लिहायची गरजच नाही.

तेच पुढे नेऊ. आणखी दहापट पातळ केलं तर ५, मग ६, मग ७, मग ८? थांबा. आम्लात कितीही पाणी ओतलं तरी त्याचा आम्लारी कसा होईल? सीईटीच्या सरावात हमखास येणारा प्रश्न असा: हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती १० चा उणे ८वा घात मोलर (म्हणजे एका लिटरमध्ये तेवढे मोल; मोल पुढे येतोच) असेल तर सामू किती? सूत्रात आकडा टाकला की ८ येतो, आणि पर्यायांमध्ये ८ अगदी शहाण्यासारखा बसलेला असतो. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आपण विसरलो; ते इथे आम्लाच्या आयनांपेक्षा जास्त आहेत. ते धरले की उत्तर येतं ६.९८. सातच्या किंचित खाली, जसं असायला हवं तसं. बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय कोणी डोळे मिटून लिहीत नाही. मुलं नेहमी जिथे चुकतात तिथली उत्तरंच तिथे मांडून ठेवलेली असतात. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं याचा अर्थ ते बरोबर आहे, असा होत नाही.

आम्लांच्या बाबतीत आणखी एक गाठ सोडवायला हवी: तीव्र आणि संहत. मराठी पुस्तकांत शब्द छान वेगळे आहेत. तीव्र-सौम्य ही आम्लाची जात, आणि संहत-विरल म्हणजे त्यात पाणी किती घातलं आहे. पण अकरावीला माध्यम इंग्रजी झालं की हे शब्द मागे पडतात आणि मुलं दोन्हीला "स्ट्राँग" म्हणायला लागतात. प्रश्न असा: एका चंबूत ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलिलिटर, दुसऱ्यात ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, तेवढंच. पहिल्याचा सामू १, दुसऱ्याचा जवळपास २.९. उदासिनीकरणाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड कुठे जास्त लागेल?

पाचपैकी चार मुलं म्हणतात, पहिल्यात. उत्तर आहे: दोन्हीत सारखंच, २५ मिलिलिटर.

याचा खुलासा मी रोकड आणि बँकेतले पैसे असा करते. दोघांकडे शंभर-शंभर रुपये आहेत. हायड्रोक्लोरिक आम्ल सगळे शंभर खिशात घेऊन फिरतं. ॲसेटिक आम्लाच्या खिशात एक-दीड रुपया, बाकी बँकेत. त्याचे शंभरातले एक-दीडच रेणू विघटित झालेले असतात. सामू खिसा तपासतो, टायट्रेशन मालमत्ता मोजतं. खिशातला रुपया सोडियम हायड्रॉक्साइडने काढून घेतला की बँकेतून दुसरा येतो, तो गेला की तिसरा. हा जो मागोमाग भरणा होत राहतो, त्यालाच पुढच्या धड्यात ल शातेलिएचं तत्त्व म्हणतात: समतोलातली एखादी गोष्ट काढून घेतली की अभिक्रिया तीच भरून काढायच्या दिशेने सरकते. समतोलाबद्दल एवढं कळलं की निम्मा धडा झाला. उरलेल्या निम्म्यात एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवायची: उत्प्रेरक समतोल हलवत नाही, फक्त तिथे लवकर पोचवतो.

आता मोल. या शब्दाला मुलं का घाबरतात ते मला अजून उमगलेलं नाही, कारण केळी डझनाने घेताना कोणी घाबरत नाही. डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात. नुसती संख्या आहे. मोठी आहे हे खरं: सेकंदाला एक कोटी या वेगाने मोजत बसलं तरी १९० कोटी वर्षं लागतील. २० मे २०१९ पासून तर ही संख्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात अशी नेमकी ठरवूनच टाकली आहे.

मोजता येत नाही म्हणून तोलायचं. बोहरी आळीत बारीक मणी घ्यायला जा, मणी कोणी मोजून देत नाही, तराजूवर टाकतात. एका मण्याचं वजन माहीत असेल तर तोलातून नग कळतात. रसायनशास्त्रात एका मोलचं वजन आवर्तसारणी सांगते: पाणी १८ ग्रॅम, खाण्याचा सोडा ८४ ग्रॅम, लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल १९२ ग्रॅम. १८ ग्रॅम पाणी म्हणजे पोह्यांचा एक मोठा चमचा आणि वर थोडं. त्या चमच्यात ते १९० कोटी वर्षांचं मोजकाम पडलेलं असतं.

मोलवरचा माझा लाडका प्रश्न ढोकळ्याचा आहे. सोडा आणि लिंबूसत्त्व पाण्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याने पीठ फुगतं. संतुलित समीकरण शब्दांत असं: तीन सोडा आणि एक सायट्रिक आम्ल मिळून तीन कार्बन डायऑक्साइड, तीन पाणी आणि एक सोडियम सायट्रेट. ओंकारच्या आईने ४.२ ग्रॅम सोडा आणि ४.२ ग्रॅम लिंबूसत्त्व घातलं. आधी कोण संपेल, आणि वायू किती निघेल?

अंदाज घ्या म्हटलं की मुलं समीकरणातला "तीन आणि एक" बघतात आणि म्हणतात, सोडा तिप्पट लागतो, सारखाच घातलाय, म्हणजे सोडा लवकर संपणार, लिंबूसत्त्वाचा दोन-तृतीयांश भाग उरणार. उत्तराचा पहिला अर्धा भाग बरोबर आला, पण कारण चुकलं. तीनास एक हे प्रमाण नगांचं आहे, वजनाचं नाही. तीन मोल सोड्याचं वजन २५२ ग्रॅम, एक मोल सायट्रिक आम्लाचं १९२. म्हणजे वजनात प्रमाण २१ ला १६, तिप्पट कुठेच नाही.

आता पेन. सोडा ४.२ भागिले ८४, म्हणजे ०.०५ मोल. त्याला सायट्रिक आम्ल लागणार त्याच्या एक-तृतीयांश, ०.०१६७ मोल, म्हणजे ३.२ ग्रॅम. घातलं ४.२. सोडा संपला, एक ग्रॅम लिंबूसत्त्व उरलं, ढोकळा आंबट झाला. संपलेला पदार्थ तो मर्यादित अभिकारक, वायू किती निघणार ते तोच ठरवतो. गणपतीत उकडीचे मोदक करणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. उकड संपली की मोदक संपले. सारण पातेलंभर उरलं तरी ते वाटीत घेऊन खायचं. मात्र उकड दोन वाट्या आणि सारण एक वाटी म्हणून सारण आधी संपेल, असं ती म्हणणार नाही. एका मोदकाला कशाचं किती लागतं हे तिच्या हाताला माहीत असतं. मर्यादित अभिकारकाच्या प्रत्येक प्रश्नात तेवढंच विचारायचं: कोण कमी आहे हे नाही, तर गरजेच्या मानाने कोण कमी आहे.

वायू ०.०५ मोल. इथे मुलं २२.४ ने गुणतात आणि १.१२ लिटर म्हणतात. पेपरात प्रमाण तापमान आणि दाब म्हटलं असेल तर ठीक. पण २२.४ हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाब यांचा आहे. १९८२ मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार ठरला, त्या हिशेबाने तो २२.७ होतो, म्हणून काही पुस्तकांत एक आकडा दिसतो, काहींत दुसरा. प्रश्नात दाब कुठला दिलाय ते वाचायचं, वाद घालायचा नाही. आणि पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, २५ अंशांना एक मोल वायू साधारण २६ लिटर जागा घेतो. म्हणजे ओंकारच्या आईला १.३ लिटर वायू मिळाला. वाफेवर पीठ तापलं की तोच दीड लिटरच्या पुढे जातो. बराचसा निसटतो, उरलेला जाळी पाडतो.

एकदा तिचा ढोकळा बिघडला होता तेव्हा पिवळ्या ढोकळ्यावर लाल ठिपके पडले होते. ओंकारने यावेळी मला विचारायची वाट पाहिली नाही. "सोडा नीट मिसळला नव्हता. जिथे गठ्ठा राहिला तिथे आम्लारी, तिथे हळद लाल. शर्टाचीच भानगड." मी फक्त एवढी भर घातली, की तापल्यावर सोड्याचा काही भाग सोडियम कार्बोनेट होतो, आणि ते सोड्यापेक्षा जास्त आम्लारिधर्मी असतं. साबणासारखी चव येते तीही त्याचीच.

समीकरण संतुलित करायचे प्रश्न मला कंटाळवाणे वाटायचे, मग एके दिवशी स्वयंपाकघरातलं सिलिंडर दिसलं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा ब्युटेन आहे असं धरू (प्रत्यक्षात त्यात प्रोपेनही असतो). तो पूर्ण जळल्यावर कार्बन डायऑक्साइड किती किलो तयार होईल? १४.२ पेक्षा कमी, तेवढाच, की जास्त?

"कमी," एक मुलगी म्हणाली, "कारण थोडं पाणी पण होतं ना." अगदी विचार करून दिलेलं उत्तर, आणि चूक. दोन ब्युटेनना तेरा ऑक्सिजन लागतात. त्यातून आठ कार्बन डायऑक्साइड आणि दहा पाणी होतं. ५८ ग्रॅम ब्युटेनमागे १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. सिलिंडरभर गॅसमागे ४३ किलो. वर २२ किलो पाणी, तेही वाफ होऊन खिडकीबाहेर. एवढं वजन आलं कुठून? सुमारे ५१ किलो ऑक्सिजन आपण हवेतून फुकट घेतला, त्याचं बिल येत नाही म्हणून तो हिशेबात राहत नाही. १४.२ आणि ५०.९ मिळून ६५.१, तिकडे ४३.१ आणि २२ मिळून ६५.१. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम म्हणून पाठ केलेली ओळ पहिल्यांदा खरी वाटली, असं ती मुलगी म्हणाली. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आलाय त्यांनी हाच प्रश्न मिथेनसाठी करून बघावा: एक किलोमागे २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड. सीएनजी रिक्षालाही हाच हिशेब लागू.

बंधांचा धडा मी पटकन उरकते, कारण प्रश्न फिरून फिरून एकच असतो. मीठ घन असताना वीज वाहून नेत नाही, वितळवलं किंवा पाण्यात विरघळवलं की नेतं. साखर कधीच नेत नाही. का? वीज वाहायला प्रभार असलेलं काहीतरी हलायला हवं. मिठात सोडियम आणि क्लोरीनचे आयन असतात, पण घनात ते जागेवर जखडलेले. विरघळले की सुटतात. साखरेचे रेणू सहसंयुज बंधांनी बांधलेले. पाण्यात ते एकमेकांपासून वेगळे होतात, पण अख्खेच राहतात, आयन होत नाहीत. पुढे.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण इथे मात्र थांबायला हवं. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. घेतल्यावर क्षपण कसं, क्षपण म्हणजे तर कमी होणं, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे. इलेक्ट्रॉन ऋण असतात. ते आले की ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे अणूच्या नावावर मांडलेला प्रभार, कमी होतो. कमी होतो तो हा आकडा.

कसब्यातल्या तांबट आळीतून गेलात तर तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज येतो. माझे प्रश्न तिथलेच. पहिला: काळा पडलेला तांब्या चिंचेने घासला, लखलखीत झाला. ही अभिक्रिया रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपणाची, आहे का?

सगळे "हो" म्हणतात. तांबं, हवा, गंज असे शब्द आले की रेडॉक्स, हे डोक्यात बसलेलं. पण आकडे मांडून बघा. काळा थर म्हणजे कॉपर ऑक्साइड, त्यात तांब्याचा ऑक्सिडेशन नंबर अधिक २. चिंचेतलं टार्टारिक आम्ल त्याला विरघळवतं, पाणी होतं, तांब्याचे आयन चोळामोळा झालेल्या चिंचेबरोबर निघून जातात. त्या आयनांवर प्रभार किती? अधिक २. काहीच बदललं नाही. कोणी इलेक्ट्रॉन दिले नाहीत, घेतले नाहीत. ही साधी आम्ल-आम्लारी अभिक्रिया आहे, शर्टावर लिंबू पिळण्याच्या भावकीतली. रेडॉक्स आधीच होऊन गेलं, तांब्या काळा पडला तेव्हा: तिथे तांबं शून्यावरून अधिक २ वर गेलं.

दुसरा: क्रियाशीलतेच्या श्रेणीत तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, म्हणजे तांबं आम्लातून हायड्रोजन वायू बाहेर काढू शकत नाही. मग बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली तर ती का कळकते? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हुशार मुलं लगेच जस्ताकडे बोट दाखवतात, आणि जस्त आम्लाशी अभिक्रिया करतं हे बरोबरच आहे. पण नुसत्या तांब्याच्या भांड्यातही आमटी कळकतेच. इथे तिसरा गडी आहे, हवा. हवेतला ऑक्सिजन तांब्याचं ऑक्सिडीकरण करतो, आम्ल ते ऑक्साइड विरघळवतं, खाली नवं तांबं उघडं पडतं, ऑक्सिजन पुन्हा येतो. दोघांना एकेकट्याने झटपट जमत नाही ते दोघं मिळून रात्रभरात करतात. श्रेणी खोटं बोलली नाही. तिला फक्त आम्लाबद्दल विचारलं होतं, हवेबद्दल नाही.

म्हणून कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पसरायचं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून कोळशाची भट्टी आणि भाता पुरतो. आणि तो पांढरा धूर! तिसरा प्रश्न त्याचाच: नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवल्यावर त्याचं अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतं. हे दोन्ही वायू बिनरंगी. मग धूर पांढरा का?

लहानपणी मी या धुरात उभी राहून खोकले आहे, आणि उत्तर कळायला बीएस्सीचं दुसरं वर्ष उजाडलं. वायू वर जाऊन गार होतात, एकमेकांना भेटतात आणि पुन्हा नवसागर होतात, घन, बारीक कणांचा. दिसतो तो धूर नवसागरच आहे, एक फेरी मारून आलेला. दरम्यान खाली थोड्या हायड्रोजन क्लोराइडने आपलं काम उरकलेलं असतं: भांड्यावरचं ऑक्साइड काढून कथलाला चिकटायला स्वच्छ धातू दिलेला असतो.

खरं रेडॉक्स बघायचं तर मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडा. थोड्या वेळात त्यावर तांबूस थर येतो आणि निळा रंग फिका पडू लागतो. लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले, तांब्याने घेतले. विचारायचं हे: सगळं तांबं खिळ्यालाच चिकटून राहिलं तर खिळ्याचं वजन वाढेल की घटेल? पेन खाली. लोखंडाचा एक अणू जातो, तांब्याचा एक येतो. जाणारा ५६, येणारा ६३.५. वाढेल. आता आकडा: २.८ ग्रॅम लोखंड विरघळलं, म्हणजे ०.०५ मोल, तेवढ्याच मोल तांब्याचं वजन ३.१७५ ग्रॅम. वाढ ०.३७५ ग्रॅम. अंदाज आधी केलेला असला की वजाबाकी उलटी करून "घटलं" असं लिहिणारा हात आपोआप अडखळतो.

गेल्या रविवारी शेवटचा प्रश्न मुलांनीच आणला, कारण ती सिंहगडावर जाणार होती. पाणी गडावर किती अंशांना उकळेल? पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणजे वाफेला कमी जोर लावावा लागतो. मुंबईत १०० अंश, पुण्यात साधारण ९८, आणि १३०० मीटरवरच्या सिंहगडावर ९५ ते ९६. उकळायला लागल्यावर खाली ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी त्याहून तापत नाही, लवकर आटतं फक्त. तापवायचं तर दाब वाढवावा लागतो, म्हणून कुकर. त्यात पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि डाळ तीन शिट्ट्यांत शिजते.

"म्हणजे काकू," ओंकारने विचारलं, "गडावर पिठलं-भाकरी यायला एवढा वेळ लागतो तो यामुळे?"

"पिठलं दोन-तीन अंशांनी अडत नाही रे. रविवारी जाताय, म्हणून."